वीज आधी, शाळा नंतर? कोरियाचा दाखला उलटा वाचला जातोय

व्हॉट्सॲपवर सध्या एक आलेख फिरतोय. आडव्या रेषेवर दरडोई वीजवापर, उभ्या रेषेवर दरडोई उत्पन्न आणि चढत जाणारे देशांचे ठिपके. खाली मजकूर: वीज वाढवा, श्रीमंती आपोआप येते, दक्षिण कोरियाने हेच केलं, शाळा-कॉलेजांवरचा खर्च पैसा आल्यावर बघू. हा निरोप मला तीन ग्रुपांवर आला. पाठवणाऱ्यांत शिक्षकही होते, याचं वाईट वाटलं, म्हणून लिहितेय.

यातलं खरं ते आधी मान्य करते. लोडशेडिंगच्या वर्षांत गावाकडे पिठाची गिरणी, विहिरीवरची मोटर आणि पोरांचा अभ्यास, तिन्ही एकदमच थांबायचे. भारताचा दरडोई वीजवापर २०२३-२४ मध्ये १,४०० युनिटांच्या आसपास होता, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. वीज वाढायलाच हवी. माझा आक्षेप त्या ‘आपोआप’ला आहे.

‘आलेखच सांगतो, विजेमुळे उत्पन्न वाढतं.’

आधी काय आणि मागून काय, हे आलेख सांगत नाही. पगार वाढला की घरात फ्रिज येतो, मग एसी. तिथे उत्पन्न पुढे असतं आणि वीज मागे. क्राफ्ट आणि क्राफ्ट या अर्थतज्ज्ञांनी १९७८ मध्ये अमेरिकेचे १९४७ ते १९७४ चे आकडे तपासले, तेव्हा त्यांना उत्पन्नाकडून ऊर्जेकडे जाणारी दिशा दिसली, उलटी नाही. पुढे इतर देशांवर असे अभ्यास झाले आणि उत्तरं देशागणिक बदलली. जिथे एकच उत्तर नाही, तिथे सरळ रेषा ओढून धोरण सांगणं चुकीचं आहे.

आपल्याच देशात बघा. छत्तीसगडमध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमचे कारखाने आहेत. २०१९-२० मध्ये तिथला दरडोई वापर २,००० युनिटांच्या वर होता. केरळचा हजाराच्या आत. तरी केरळचं दरडोई उत्पन्न जवळपास दुप्पट. तो पैसा आखातातून येतो, असं कुणी म्हणेल. येतोच की! पण तो कमवायला नर्स, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, हिशेबनीस गेले. ती माणसं आधी शिकली होती.

‘कोरियाने आधी वीज उभारली.’

हे तर साफ उलटं आहे. १९४५ मध्ये फाळणी झाली तेव्हा जपानी काळातली मोठी धरणं, बरीचशी वीज आणि खतांचे कारखाने उत्तरेकडे राहिले. १४ मे १९४८ रोजी उत्तरेने दक्षिणेची वीज तोडली. म्हणजे विजेची आघाडी उत्तर कोरियाकडे होती. दक्षिणेकडे तेल नव्हतं, कोळसाही बेताचा. १९४५ मध्ये तिथे लिहिता-वाचता येणारे प्रौढ जेमतेम २२ टक्के होते. त्याच गरिबीत, युद्धाची राख अजून निवलेली नसताना, १९५४ ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू झाली आणि १९५९ पर्यंत जवळजवळ सगळी मुलं शाळेत आली. पोहांगच्या पोलाद कारखान्याचं उत्पादन १९७३ चं. कोरी या गावातली देशाची पहिली अणुभट्टी १९७८ ची. पोहांगची झोतभट्टी पेटण्याआधीच तिथले कामगार जपानमध्ये शिकायला पाठवले होते.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. उत्तर कोरियानेही सगळ्यांना शाळेत घातलं होतं, तरी तो मागे पडला. तेव्हा नुसत्या शिक्षणानेही भागत नाही. शिकलेल्या माणसाला माल विकायला बाजार आणि काम निवडायला मोकळीक लागते. पण त्यामुळे ‘आधी वीज’ हे म्हणणं खरं ठरत नाही. वीज तर उत्तरेकडेच होती.

‘शाळांवरचा खर्च नंतर बघू.’

औष्णिक वीजकेंद्र पाच-सात वर्षांत उभं राहतं. पहिलीतल्या पोराचा कुशल फिटर व्हायला बारा-तेरा वर्षं लागतात. मग उशीर कशाला परवडेल? प्रथम संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीचा धडा वाचता येतो. बाकीची मुलं २०३५ च्या आत कामाच्या वयाला येतील. तोवर नवी वीजकेंद्रं चालू झालेली असतील आणि तिथल्या नियंत्रण कक्षातल्या सूचना याच मुलांना वाचाव्या लागतील.