वास्को द गामाने भारताला जगाशी जोडलं?

‘वास्को द गामा आला नसता तर भारत जगापासून तुटलेलाच राहिला असता. व्यापार युरोपियनांनी शिकवला, मिरची-बटाटा त्यांनीच दिला. जागतिकीकरण ही त्यांची देणगी आहे.’ या आशयाचा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. माझ्याकडे तो तीनदा आला. त्यातलं एकेक वाक्य तपासून बघू.

‘तुटलेला’ भारत. मे १४९८ मध्ये गामाची जहाजं कालिकतजवळ नांगरली. त्याचा पहिला माणूस किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याला ट्युनिसचे दोन व्यापारी भेटले आणि चक्क स्पेनमधल्या कास्तीलच्या बोलीत म्हणाले, ‘तुम्ही इकडे कुठे?’ शोध लागायच्या आधीच त्या बंदरात युरोपातली भाषा बोलणारी माणसं होती! त्याच्याही सुमारे तीस वर्षं आधी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजाने आपल्या चौलला उतरला होता. सोबत विकायला घोडा होता. जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावला, मग मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. सोपारा आणि कल्याणची नावं तर पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात आहेत.

‘व्यापार शिकवला.’ सामुतिरीला म्हणजे कालिकतच्या राजाला द्यायला गामाने काय काढलं ते बघा: पट्ट्यापट्ट्यांची बारा कापडं, चार लाल टोपडी, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, थोडी साखर, दोन पिंपं तेल आणि दोन पिंपं मध. राजाच्या माणसांना हसू आवरेना. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त आणतो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मिरी हवी होती, पण बदल्यात द्यायला माल नव्हता. म्हणून पुढच्या खेपेला तोफा आल्या. १५०२ मध्ये गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकापोरांसकट जाळलं. मग ‘कार्ताझ’ सुरू झाला. पोर्तुगीजांचा हा परवाना जवळ नसेल तर जहाज जप्त. मोगलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. आधी समुद्रावर चाचे होते, बंदरात जकात होती. पण भर समुद्रावर मालकी सांगणारं कोणी नव्हतं. याला व्यापार शिकवणं म्हणतात?

मिरची-बटाट्याचं अर्धं खरं आहे. ही पिकं पोर्तुगीज जहाजांतून आली. पण मिरची लागवडीखाली आणली मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी, बटाटा अँडीज डोंगरातल्या लोकांनी. ‘काजू’ आणि ‘अननस’ हे आपले रोजचे शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजमार्गे आलेत. ‘देणगी’ म्हणायचीच तर ती या लोकांची होती, आणि युरोपातून आलेले रोग, युद्ध आणि वेठबिगारीत त्यांचीच बहुसंख्य माणसं मेली.

आता जागतिकीकरण. १४९२ नंतर अमेरिका उरलेल्या जगाशी जोडली गेली आणि असं पूर्वी कधी झालं नव्हतं, हे मान्यच आहे. पण कशाने जोडली? आजच्या बोलिव्हियात पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. गावोगावच्या मूळ रहिवाशांना पाळीपाळीने सक्तीने खाणीत उतरवलं गेलं. त्यांनी खणलेल्या चांदीची नाणी सुरतेपासून चीनपर्यंत पोचली, कारण आपलं कापड आणि मसाले घ्यायला युरोपकडे तेवढंच चालणारं नाणं होतं.

आणि कवडी. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेत असते तीच. मालदीवच्या समुद्रात ती गोळा होई. पश्चिम आफ्रिकेत ती चलन होती, म्हणून युरोपियन जहाजं ती पोत्यांनी आधी ॲमस्टरडॅम-लंडनला आणि तिथून गिनीच्या किनाऱ्यावर नेत. तिथे कवड्या मोजून, आणि गुजरातेत विणलेलं कापड देऊन, माणसं विकत घेतली जात. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. तिथे खरोखर माणसाची किंमत कवड्यांत ठरत होती. सुमारे साडेतीनशे वर्षांत सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबली गेली. पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली ती एक कोटी सात लाखांच्या आसपास.