‘नीतिशास्त्र खेळातून? हा पोरखेळ!’ या मेसेजला उत्तर

बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘एमबीबीएसच्या मुलांना नीतिशास्त्र खेळातून शिकवणं हा पोरखेळ आहे. नीतिमत्ता घरून येते. खेळात नुसते गुण मिळतात. आणि वेळ कुठे आहे?’

‘नीतिमत्ता घरून येते.’ चांगुलपणा घरून येतो, मान्य. पण एचआयव्हीबाधित रुग्ण बायकोपासून आजार लपवतोय म्हटल्यावर चांगल्या घरातला मुलगाच आधी तिला सांगायला धावतो. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात तिथे पायऱ्या आहेत. बायकोला मोठा धोका असायला हवा. रुग्णाला स्वतः सांगण्याबद्दल समुपदेशन व्हायला हवं. तो सांगणार नाही याची खात्री हवी. आणि ‘आता मी सांगणार आहे’ हे त्याला आधी कळवायला हवं. बाधित स्त्री असेल आणि सांगितल्याने तिला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची रास्त भीती असेल, तर नवऱ्याला सांगायचंच नाही. हे कुणाच्याच घरात शिकवत नाहीत.

‘नुसते गुण मिळतात.’ हा आरोप बऱ्याच खेळांबाबत खरा आहे. बरोबर पर्यायाला 10 गुण ठेवले की मुलं रुग्णाला विसरून सरांच्या मनातलं उत्तर शोधू लागतात. म्हणून गुण काढून टाका आणि माहिती वाटून द्या.

तिघांचा गट घ्या. पहिलं कार्ड कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरचं: ‘दुर्बिणीने बघू, गरज पडली तर पिशवी काढू.’ दुसरं जांबोटीकडच्या, फक्त मराठी कळणाऱ्या बाईचं. तिसरं तिच्या भावाचं, तोच दुभाषी. त्याच्या कार्डावर लिहिलेलं असतं: ‘अक्का घाबरते, काढण्याचं बोलू नकोस.’ डॉक्टर भावाला बाजूला घेऊन सांगतो, भाऊ अक्काला सांगतो, अक्का सही करते. मग आपल्याला काय कळलं ते ती चिठ्ठीवर लिहिते. डॉक्टरचं कार्ड आणि ही चिठ्ठी शेजारी ठेवा. चिठ्ठीवर बहुधा एवढंच असतं: ‘दुर्बीण घालून बघणार.’ भावाने वाईट हेतूने काहीच केलेलं नसतं, म्हणून तर ही चूक मनात राहते. डॉक्टरला मराठी जाणणाऱ्या सिस्टरला बोलावता येतं, पण घड्याळातली 3 मिनिटं जातात. ती कोण खर्च करतो, ते पाहा.

याला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा समिरा कोहली निकाल पाहावा. संमती तपासणीपुरती होती. रुग्ण भुलीत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. जिवावरचा प्रसंग नव्हता. सज्ञान रुग्णाऐवजी आईने दिलेली संमती न्यायालयाने मानली नाही.

‘वेळ नाही.’ 2019 च्या तुकडीपासून एटकॉमचे (वृत्ती, नीतिशास्त्र आणि संवाद या विषयाचे) तास एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात सक्तीचे आहेत. त्यातली 50 मिनिटं पुरतात: 5 कार्डं वाचायला, 15 खेळायला, 30 चर्चेला. उशीर झाला की शिक्षक चर्चाच कापतात, आणि मुलं फक्त मजा घेऊन उठतात. कापायचा तर खेळ कापा. चर्चेआधी प्रत्येकाने आपला निर्णय कागदावर लिहावा, नाहीतर गटातला मोठ्या आवाजाचा एकजण सगळ्यांचं मत ठरवतो. विभागप्रमुखांनी पहिली 10 मिनिटं बोलू नये. कार्डं मराठीत आणि कन्नडमध्ये छापा. सगळीच इंग्रजीत असली तर दुभाष्याची गरजच उरत नाही.