चाल सोडून भलतीकडे

ग्वाल्हेरात गाण्याबद्दल मत नसलेला मराठी माणूस माझ्या पाहण्यात नाही. डिसेंबरात तानसेन समारोह होतो आणि तो संपल्यावर लष्कर भागातल्या वाड्यावाड्यांतून निकाल लागत राहतात. कोणाचा षड्ज लागला नाही, कोणाची तान उसनी होती, कोणी भैरवी उरकली. निकाल लावणारे निम्मे लोक समारोहाला गेलेलेच नसतात. थंडी फार असते ना! अशा गावात मी ‘फिश’ या अमेरिकन रॉक बँडचा भक्त आहे.

या चौघांचा बँड १९८३ साली व्हरमाँट राज्यात सुरू झाला. एखादं गाणं काल वाजवलं तसं आज वाजवायचं नाही, हा त्यांचा बाणा. पाच मिनिटांचं गाणं रंगात आलं तर पंचवीस मिनिटं चालतं. २०१७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी १३ रात्री कार्यक्रम केले आणि एकही गाणं पुन्हा घेतलं नाही. हे मी घरी छाती फुगवून सांगितलं, तर आई म्हणाली, “तेराच का? बारा करायचे, नाहीतर चौदा.”

वर्षअखेरीला ते बऱ्याचदा त्याच सभागृहात असतात आणि पैसे भरले की कार्यक्रम घरबसल्या थेट दिसतो. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. म्हणजे १ जानेवारीचं ग्वाल्हेरचं धुकं, अंगावर रजई, मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन. स्वर्गसुखच, पण ते काका उठेपर्यंत.

काकांनी ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडित यांना समोर बसून ऐकलंय. तेव्हापासून जगातला प्रत्येक आवाज ते त्याच मापाने मोजतात. दूधवाल्याची हाकसुद्धा सुटत नाही. “मैफल कानात कोंबून ऐकायची नसते,” असं म्हणत त्यांनी हेडफोनची वायर उपटली आणि ते शेजारी येऊन बसले. माझ्याच रजईत.

पहिल्या भागाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. छोटी छोटी गाणी, हात मोकळे करणं. काका गजक खात होते.

दुसऱ्या भागात मात्र गाणं सुटलं. ट्रे ॲनास्टासिओची गिटार एका सुराभोवती घुटमळायला लागली. माइक गॉर्डनने खालून बास गिटारवर चाल अशी काही बदलली की बाकीच्या तिघांना त्याच्या मागे जाणं भाग पडलं. मी काकांना समजावलं, की आम्ही भक्त याचे दोन प्रकार मानतो. मूळ चाल न सोडता खेळणं हा पहिला आणि चाल सोडून भलतीकडे निघून जाणं हा दुसरा.

“दुसऱ्याला आमच्याकडे राग बिघडवणं म्हणतात,” काका म्हणाले.

“पण काका, परत यायचं बंधन नाही, हीच तर मजा.”

“सम?”

“सम अशी नाही.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी परजातीतल्या मुलीशी लग्न ठरवलं असतं तरी त्यांना सोसलं असतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. काकांनी डोळे मिटून मान डोलावली. “ही जागा सुरेख घेतली हो!” मी काही बोललो नाही. दाद मिळत होती, ती कशाला मिळतेय याची चौकशी कशाला? मग पुण्याच्या आत्याचा हॅपी न्यू इयरचा फोन आला. तोही स्पीकरवर.

पुढचा घोळ जॉन फिशमनमुळे झाला. हा ड्रमवर बसतो आणि लाल कड्याकड्यांचा झगा घालतो. अधूनमधून मूड लागला की व्हॅक्यूम क्लीनरची नळी तोंडाला लावून तोही वाजवतो. हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. आई पदराला हात पुसत आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, “या बाप्याने माझ्यासारखा गाऊन का घातलाय? आणि भाऊजी, ती मोटर बंद करा, टाकी भरली असेल.”

“मोटर नाही ती, वहिनी,” काका अधिकाराने म्हणाले, “तो वाजवतोय.”

तो वाजवत नव्हता. खाली शेजारच्या काकूंनी रजया उन्हात घालायला काढल्या होत्या, त्या भिजल्यावर खुलासा झाला.

काकू वर येऊन बोलून गेल्या, आई बोलली, पण आम्ही दोघं हललो नाही. कारण वाजवणं आता खरोखर चढत होतं. पेज मॅकॉनलचा पियानो गिटारच्या अंगावर धावून जात होता, ड्रम थांबायला तयार नव्हते, आता शिखर येणार, आलंच... आणि ॲनास्टासिओने मध्येच तोडून दुसरंच गाणं सुरू केलं.

“अरे, सोडलं का!” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

अमेरिकेतले जुने भक्त या माणसाच्या नावाने नेमकं हेच रडतात. १९९७ साली असं नव्हतं, तेव्हा धीर होता, हे माझंही ठाम मत आहे. तेव्हाचा मी एकही कार्यक्रम पाहिलेला नाही, पण त्याने काही बिघडत नाही.

साडेदहाला तिकडे नवं वर्ष लागलं. या मुहूर्तावर त्यांचा काहीतरी आचरटपणा ठरलेला असतो. १९९४ साली बॉस्टनला चौघं भल्यामोठ्या हॉट डॉगमध्ये बसून लोकांच्या डोक्यावरून तरंगत गेले होते. यंदा काय केलं ते पाहता आलं नाही. आईने मला रजया पिळायला खाली पाठवलं होतं.

वर येऊन मी वही उघडली. प्रत्येक कार्यक्रमाला मी तारे देतो. दुसऱ्या भागाला साडेतीन लिहिले, तर काकांनी अर्धा तारा कापायला लावला, घाई केल्याबद्दल. मग चष्मा पुसत म्हणाले, “पुढे लिही. बासवाला तयारीचा. गिटारवाल्याने बसून रियाज करावा. झगेवाला लयीला पक्का, पण मोटर वाजवू नये.”