"सेफ कॉलेज सगळ्यात वर टाका" हा मेसेज पोरांच्या सीटा घालवतोय

सीईटीचा रिझल्ट लागला की तोच मेसेज परत फिरायला लागतो, माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला, त्यातला एक तर घरच्या माणसांचाच. वर लिहिलंय इंजिनिअरिंग कॅप राउंड (कॅप म्हणजे सगळ्या कॉलेजांची एकत्रित सरकारी प्रवेश प्रक्रिया), पालकांसाठी अत्यंत महत्त्वाचे, आणि खाली पाच सल्ले. थोडक्यात सांगायचं तर असे: हमखास मिळेल ते कॉलेज एक नंबरला टाका नाहीतर तेही हातचं जातं. आठ-दहाच ऑप्शन (कॉलेज आणि ब्रांचची पसंती) भरा. कॉम्प्युटर सोडून दुसरी ब्रांच घेऊ नका. कॅपच्या भानगडीत पडण्यापेक्षा मॅनेजमेंट कोट्यातून (कॉलेज स्वतःच्या पातळीवर भरतं त्या जागांतून) घ्या, खर्च तेवढाच येतो. आणि फॉर्म स्वतः भरू नका, जाणकाराकडे द्या.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो हे मला मान्य आहे. पण मी बार्शीत राहतो, दरवर्षी जून-जुलैमध्ये ओळखीतल्या पोरांचे ऑप्शन फॉर्म भरायला संध्याकाळी बसतो, आणि या मेसेजमुळे झालेलं नुकसान मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला सल्ला सगळ्यात घातक आहे. सीट वाटप कसं होतं ते आधी समजून घ्या. सिस्टिम मेरिट लिस्ट वरून खाली वाचत येते. तुमच्या मुलीचा नंबर आला की तिची यादी उघडते, एक नंबरच्या ऑप्शनला तिला बसेल अशी जागा शिल्लक आहे का बघते, नसेल तर दोन नंबर, मग तीन, आणि जिथे पहिली जागा सापडेल ती देऊन टाकते. मेरिटमध्ये तिच्या मागे असलेल्या मुलाने तेच कॉलेज एक नंबरला टाकलंय आणि तिने सतराव्या नंबरला टाकलंय, तरी त्याच प्रकारची एकच जागा उरली असेल तर ती तिलाच जाणार, कारण तिची यादी संपेपर्यंत त्या मुलाची यादी उघडतच नाही. म्हणजे वर मोठी कॉलेजं टाकल्याने खालचं कॉलेज हातचं जातं ही भीतीच मुळात चुकीची आहे.

उलट सेफ कॉलेज वर टाकलं तर काय होतं? 2025 च्या प्रवेशात चार कॅप राउंड होते आणि नियम असा होता की पहिल्या राउंडला एक नंबरचा ऑप्शन मिळाला, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनातला मिळाला किंवा तिसऱ्या राउंडला पहिल्या सहातला मिळाला, तर सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की. मग बेटरमेंट (पुढच्या राउंडला यादीतलं वरचं कॉलेज मिळवायची संधी) नाही, पुढचे राउंड नाहीत, ती सीट घ्या नाहीतर कॅपच्या बाहेर. त्यामुळे वरचे सहा ऑप्शन असे पाहिजेत की यातलं कुठलंही मिळालं तर त्या दिवशी घरात पेढे वाटायचे. नियम वर्षावर्षाला बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका डाउनलोड करून ऑटो फ्रीझचा नियम शोधून वाचाच, पण मनापासून हवं ते वर आणि मग उतरत्या क्रमाने, हे काही बदलत नाही.

एक मुलगी आली होती माझ्याकडे, वडील टेम्पो चालवतात. ती आली तेव्हा पहिला राउंड होऊन गेला होता. हाच मेसेज वाचून तिने जवळचं एक खाजगी कॉलेज एक नंबरला टाकलेलं, का तर तिथे शंभर टक्के लागणार. लागलं. ऑटो फ्रीझ. तिचं म्हणणं एवढंच होतं की दादा, आता दुसऱ्या राउंडला सरकारी कॉलेज वर घेऊया ना. मी लॅपटॉपवर त्या राउंडची कटऑफची पीडीएफ उघडली, तिला जे सरकारी कॉलेज हवं होतं तिथे मेकॅनिकलच्या तक्त्यात मुलींच्या ओबीसीच्या रकान्यात जी शेवटची मुलगी लागली होती तिचे पर्सेंटाइल हिच्यापेक्षा कमी होते. ते कॉलेज हिच्या यादीत चौथ्या नंबरला होतं. नुसतं एक नंबरला घेतलं असतं तरी मिळालं असतं. तिचे वडील तो आकडा बोट ठेवून ठेवून परत वाचत होते आणि मला काही बोलायला सुचत नव्हतं.

दुसरा मुद्दा, आठ-दहा ऑप्शन. का बाबा? जास्त ऑप्शन भरल्याचा दंड नाही, मेरिट खाली जात नाही. 2025 ला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपची सीईटी चार लाखांहून जास्त मुलांनी दिली, म्हणजे एका पर्सेंटाइलमध्ये चार हजारांवर पोरं आहेत, आणि तुम्ही दहा कॉलेजांवर भरवसा ठेवून बसणार? पन्नास-साठ भरा, पण एकच अट, जिथे खरंच जायचं नाही ते भरू नका.

आणि भरताना कटऑफ बघायची तर नीट बघा, कारण इथेच सगळे घसरतात. रकान्यांची नावं जीओपीईएनएच (GOPENH), जीओपीईएनओ (GOPENO), एलओबीसीएच (LOBCH) अशी असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींसाठी, मधे कॅटेगरी, आणि शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे कॉलेजच्याच विद्यापीठ क्षेत्रातले, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे स्टेट लेव्हल. आता होम युनिव्हर्सिटी कशावरून ठरते, तर बारावी जिथून पास झाली त्यावरून, घर कुठे आहे त्यावरून नाही. आमच्याकडची किती तरी पोरं अकरावी-बारावीला लातूरला जातात, त्यांचं घर बार्शीत म्हणून ती सोलापूर विद्यापीठाचा एच रकाना बघत बसतात, पण बारावी लातूरहून झाली तर त्यांचं होम नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, सोलापूरसाठी ती ओ मधे गेली. एच आणि ओ च्या कटऑफमध्ये चांगलाच फरक पडू शकतो, आणि तो आपल्या बाजूचा की उलटा हे रकाना बघितल्याशिवाय कळत नाही.

कॉम्प्युटर सोडून काही नको, यावर फार लिहीत नाही. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांची असते, महावितरण आणि महापारेषणला इलेक्ट्रिकलवाले लागतात. पोराला मशीन उघडून बघायची आवड असेल तर शेजाऱ्याच्या पोराने कॉम्प्युटर घेतलं म्हणून त्याला चार वर्षं कोडिंगला बसवू नका, एवढंच.

मॅनेजमेंट कोट्याचा मुद्दा मात्र पैशाचा आहे आणि तो साफ खोटा आहे. खर्च तेवढाच येत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, ईबीसीच्या (आर्थिक मागास वर्गातल्या) मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी मिळते, पण हे कधी, तर प्रवेश कॅपमधून झाला असेल तर. संस्थेच्या पातळीवरची सीट घेतली की हे सगळं गेलं. आठ लाखांच्या आतल्या मुलांसाठी अजून एक गोष्ट आहे जी या मेसेजमध्ये कुठेच नाही, ती म्हणजे टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम), मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा, ट्यूशन फी माफ. पण ती आपोआप मिळत नाही, तिचा चॉइस कोड (फॉर्ममध्ये टाकायचा कॉलेज-ब्रांचचा नंबर) वेगळा असतो, शेवटी टी असतो, तो ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा टाकावा लागतो. त्याचं कटऑफ बहुतेक वेळा वर असतं, म्हणून त्याच कॉलेजचा टी कोड आधी आणि साधा कोड लगेच त्याच्या खाली असं टाका. आणि कुणी फीच्या वर रोख मागितले तर लक्षात ठेवा, फी ही शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली असते, त्यावर मागणं हे 1987 च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्यात गुन्हा आहे, घाबरून देऊ नका.

आता शेवटचा, जाणकाराकडे द्या. मदत घ्यायला काहीच हरकत नाही, मीही तीच करतो. पण लॉगिन कुणाचं, मोबाईल नंबर कुणाचा, हे बघा. गेल्या वर्षी एक आई आणि मुलगा आले, फॉर्म कुणाकडून तरी हजारो रुपये देऊन भरून घेतलेला, रजिस्ट्रेशनला नंबर त्या माणसाचा, पासवर्ड त्याच्याकडे, आणि तो फोन उचलेना. ऑप्शन कन्फर्म करायची मुदत दुसऱ्या दिवशी. नुसते ऑप्शन सेव्ह करून चालत नाही, कन्फर्म केले नाहीत तर त्या राउंडला तुम्ही नाहीच. रात्री साडेदहाला तो माणूस सापडला, ओटीपी सांगितला, आम्ही पासवर्ड बदलला, आणि मग यादी उघडली तर वरचे पाचही ऑप्शन एकाच संस्थेचे. मुलाने त्या संस्थेचं नावसुद्धा कधी घेतलेलं नव्हतं. ती यादी पुसून आम्ही तिघांनी पहिल्यापासून लिहिली, आधी वहीत पेनने, मग पोर्टलवर, आई एकेक चॉइस कोड मोठ्याने वाचत होत्या आणि मुलगा टाइप करत होता, पावणेदोन वाजता कन्फर्म झाला.