काका, शर्टाबद्दल तुमचं बरोबर आहे

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि स्लाइडची डबी पुन्हा काढली. मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आईबाबांचा नागपूरच्या फुटाळा तलावावरचा १९७८ चा फोटो मी स्लाइडवरून (म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायच्या पारदर्शक रंगीत फिल्मच्या तुकड्यावरून) स्कॅन करून टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘खरे रंग परत आणले’. तुमची हयात सीताबर्डीच्या कलर लॅबमध्ये प्रिंट काढण्यात गेली. तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. बाबांचा पांढरा शर्ट हिरवट मारतोय, म्हणजे रंग परत आणलेले नाहीत, हाताने फिरवलेले आहेत. स्कॅनरचा ऑटो मोड, म्हणजे उजेड आणि रंग त्याने आपणच ठरवायची सोय, विचार करूनच दिलेला असतो, तो बंद करा असं लोकांना सांगणं चुकीचं आहे. आणि त्या काळचे प्रिंट मुळातच लालसर असायचे, त्यांना सुधारणं हा खोटेपणा आहे.

शर्टाचं मान्य. पूर्ण मान्य. कसं झालं ते सांगतो, कारण ही चूक माझ्यासारखे अनेक जण करत असतील.

स्लाइड कोडॅक्रोमची, म्हणजे कोडॅकच्या स्लाइड फिल्मची आहे, मामाने बाहेरून आणलेल्या रोलवरची. कोडॅक्रोम अंधारात ठेवली की रंग फार छान टिकवते, आणि ही तर प्रोजेक्टरवर क्वचितच लागली. स्कॅन स्क्रीनवर आला तेव्हा आई मागे उभी होती. म्हणाली, “हे काय करून राहिला तू? माझी साडी अशी होती का?” स्क्रीनवर साडी मातकट करडी दिसत होती. आईने ट्रंकेतून तीच नायलॉनची साडी काढून आणली, डांबरगोळ्यांच्या वासासकट. चक्क मोरपंखी! मी ती खिडकीपाशी धरली आणि स्क्रीनवरची साडी तशी दिसेपर्यंत कर्व्ह, म्हणजे सॉफ्टवेअरमधली रंग कमी-जास्त करायची रेघ, ओढत राहिलो. साडी जुळली, पण तिच्याबरोबर सगळी फ्रेम हिरव्याकडे गेली, शर्टासकट. मला ते दिसलंच नाही. दहा मिनिटं त्याच चित्राकडे बघत बसलं की डोळा हिरवटालाच पांढरं मानायला लागतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

तुमचं वाचून मी स्लाइड लाइट पॅनलवर ठेवली आणि भिंग लावलं. शर्ट स्वच्छ पांढरा, कॉलरखाली सावली करडी, कसलीही झाक नाही. आणि साडी स्लाइडवरही करडीच आहे. म्हणजे स्कॅनर बरोबर होता, चुकलो मी.

मग साडी स्लाइडवर करडी का? रंग उडाला असता तर शर्टाच्या करड्या सावलीतही झाक आली असती. कारण फिल्मच्या नजरेत आहे. काही रंगवलेली कापडं, विशेषतः कृत्रिम धाग्याची, डोळ्याला हिरवी दिसतात, पण दृश्य प्रकाशाच्या लाल टोकाला भरपूर प्रकाश परत फेकतात. डोळा त्या टोकाला जवळजवळ आंधळा असतो, फिल्मचा लाल प्रकाश टिपणारा थर मात्र तो पकडतो. मग हिरवं कापड फिल्मवर करडं, कधी तपकिरीकडे झुकलेलं उतरतं. आमच्या साडीचं हेच झालं असावं. म्हणजे रोल धुऊन आला त्या दिवशीसुद्धा त्या स्लाइडवर मोरपंखी रंग नव्हता. मी जो ‘परत आणला’ तो तिथे कधी नव्हताच. ते शब्द मी लेखातून काढले आहेत.

आता ऑटो मोड. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि माझी बाजू तुमच्याच कामातून मांडतो.

स्लाइड ही हातात धरता येणारी वस्तू आहे. स्कॅन तिच्याशी जुळला की नाही हे तपासता येतं, आणि त्यासाठी आयटी८ टार्गेट असतं. ही एक छोटी स्लाइड असते, तिच्यावर २६४ रंगचौकटी आणि खाली करड्याच्या पायऱ्या. प्रत्येक चौकटीच्या मोजलेल्या रंगाची फाइल सोबत येते. टार्गेट स्कॅन करायचं, सॉफ्टवेअर दोन्ही ताडून बघतं आणि त्या स्कॅनरचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्याचे रंग दुरुस्त करणारी फाइल, बनवतं. पण ऑटो चालू असेल तर स्कॅनर प्रत्येक फ्रेमला वेगळं एक्स्पोजर आणि वेगळा रंग लावतो, आणि मग त्या प्रोफाइलला काही अर्थच उरत नाही. ऑटो बंद करा म्हणतो ते यासाठी. टार्गेटही त्याच जातीच्या फिल्मचं हवं. एक्टाक्रोम या कोडॅकच्याच दुसऱ्या स्लाइड फिल्मच्या टार्गेटवर बनवलेलं प्रोफाइल कोडॅक्रोमला लावलं की चित्र बहुधा निळसर येतं, कारण दोन्हींचे डाय, म्हणजे फिल्ममधली रंगद्रव्यं, वेगळे.

निगेटिव्हची गोष्ट निराळी. निगेटिव्हवर रंग उलटे असतात आणि सगळ्यावर नारिंगी झाक (मास्क) असते. त्या पट्टीत जुळवायला ‘खरा रंग’ आहेच कुठे? रंग ठरायचा तुमच्या एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हवरून प्रिंट काढायच्या यंत्रावर. यलो (पिवळा) फिल्टर किती, मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) किती, टेस्ट स्ट्रिप म्हणजे चाचणीचा छोटा प्रिंट बघून तुम्ही ठरवायचात, आणि तीच निगेटिव्ह शेजारच्या टेबलावर गेली असती तर प्रिंट थोडा वेगळा आला असता. ऑटो मोड तुमच्या जागी बसतो, पण त्याला डोळे नसतात. तो फ्रेमची सरासरी काढून ती करड्यावर आणतो. माझ्याकडे संत्रा मार्केटची एक निगेटिव्ह आहे. फ्रेमभर संत्र्यांचा ढीग, कोपऱ्यात एक हमाल. ऑटोने संत्री फिकट तपकिरी केली आणि हमालाचं बनियन निळं. एकाच रंगाने फ्रेम भरली की सरासरी अशी फसते, लॅबमध्ये याला सब्जेक्ट फेल्युअर म्हणत. अशा फ्रेमला मशीनच्या आकड्यावर न जाता तुम्ही हाताने फिल्टर बदलत असणार. मीही तेच करतो. दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवरून फिल्मच्या बेसचा, म्हणजे त्या नारिंगी झाकेचा, रंग घेतो, लॉक करतो आणि अख्खा रोल त्याच सेटिंगवर काढतो. मग बनियन पांढरं येतं आणि संत्रं संत्र्यासारखं दिसतं.

तिसरा मुद्दा, लालसर प्रिंट. काही प्रिंट लॅबमधूनच लालसर यायचे, हे खरं. पण सगळे नाहीत. माझ्याकडे काळ्या मारबतीच्या, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीचे एकाच निगेटिव्हवरून काढलेले दोन प्रिंट आहेत. मागे लॅबचा शिक्का, तारीख एकच. एक अल्बममध्ये राहिला, दुसरा फ्रेम करून बैठकीत, खिडकीसमोर. आज अल्बममधला लाल झालाय आणि बैठकीतला फिका, हिरवट. लॅबमधून दोन्ही सारखेच आले होते. त्या काळच्या बऱ्याच कलर पेपरचा सायन (निळा-हिरवा) डाय अंधारातसुद्धा हळूहळू उडतो आणि मागे लाल उरतो. उजेडात मॅजेंटा आधी जातो. अल्बममधल्या प्रिंटवर काळी मारबत चक्क गडद तांबडी दिसते. शंभराहून जास्त वर्षं नागपूरकर काळ्या मारबतीला ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत आलेत. ती काळी होती हा काही माझा अंदाज नाही, काका.

आणि हा लाल तुमच्या फिल्टरनेही गेला नसता. फिल्टरने सगळ्या छटा सारख्या सरकतात. डाय मात्र जिथे जास्त होता तिथून जास्त उडतो. म्हणून गालावर लाली थोडी आणि काळ्या भागात भरपूर. सगळं एकदम सायनकडे सरकवलं तर चेहरे आजारी दिसतात. लाल चॅनलचा कर्व्ह काळ्या टोकाकडून ताणावा लागतो, उजळ टोकाला जेमतेम हात लावायचा.

खोटेपणाचा आक्षेप मी हलक्यात घेतलेला नाही. म्हणून आता प्रत्येक फोटोच्या दोन फाइली ठेवतो. पहिली १६ बिटची टिफ, म्हणजे काही न गमावता जतन केलेली फाइल, प्रोफाइलसह, वस्तू आज जशी आहे तशी. तिला पुन्हा हात लावत नाही. दुसरीच्या नावातच ‘अंदाज’ हा शब्द असतो. उद्या माझ्या मुलीला माझा अंदाज पटला नाही तर पहिली फाइल तिच्यासाठी आहे.

जाता जाता एक. तुम्ही लिहिलंत की तुमच्या निगेटिव्ह वरच्या मजल्यावर कूलरच्या खोलीत आहेत. कृपा करून त्या खाली आणा. मे महिन्यात गच्चीखालची खोली तापते त्याने डाय लवकर उडतो, आणि कूलरच्या ओलाव्याने जिलेटिनवर बुरशी धरते. खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीच्या कपाटात, कूलरच्या वाऱ्यापासून दूर ठेवा. बुरशी एकदा इमल्शनमध्ये, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थरात, शिरली की कुठलाही स्कॅनर ती काढू शकत नाही.

फुटाळ्याचा फोटो बदलून लावलाय. साडी त्यात करडी आहे. आईला अजून पटलेलं नाही, म्हणून खिडकीपाशी धरलेल्या साडीचा आजचा फोटो शेजारी ठेवलाय. तुम्ही मात्र आधी शर्ट बघा.