लटकलेलं इंजिन आणि चार बोल्ट

घरच्या घरी इंजिन खोलायला बसलेला माणूस पिस्टन, रिंगा, बेअरिंगं आणि गॅस्केटं यांवर महिनाभर डोकं खपवतो. रिंगा कुठल्या कंपनीच्या घ्यायच्या यावरून त्याचं जुन्या मित्रांशी वाजतं. पण ज्या लोखंडी सांगाड्यावर ते धूड पुढचे कित्येक आठवडे टांगून राहणार, तो मात्र ‘त्यातल्या त्यात स्वस्त दाखवा’ म्हणत उचलून आणतो. माझं मत विचाराल तर रिंगा एक वेळ कुठल्याही घ्या, स्टँड विचार करून घ्या. रिंगा पायावर पडल्या तर काही होत नाही.

डोळ्यांपुढे प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन धरू. बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड, हौशी मंडळींचं लाडकं. स्टँड त्याला पोटाखालून आधार देत नाही. मागच्या तोंडाला, जिथे गिअरबॉक्स जोडला होता, तिथे फिरत्या प्लेटवरच्या चार हातांमधून गेलेल्या चार बोल्टांनी पकडतो आणि बाकीचं इंजिन हवेत. सगळी गंमत या ‘हवेत’मध्ये आहे.

हिशेब करून बघा. इंजिन 120 किलोचं आणि त्याचा भारमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू) मागच्या तोंडापासून 30 सेंटिमीटर पुढे धरा. वरच्या आणि खालच्या बोल्टांत उभं अंतर 20 सेंटिमीटर असेल, तर वरच्या दोघांवर मिळून 180 किलोची ओढ येते. तेच बोल्ट 10 सेंटिमीटरवर जवळ आणले की 360. म्हणून स्टँडचे चारही हात होता होईल तेवढे फाकवून, एकमेकांपासून दूरच्या भोकांत लावायचे. ‘जवळची भोकं सोयीची पडतात’ हा युक्तिवाद गुरुत्वाकर्षण ऐकून घेत नाही.

स्टँडच्या स्टिकरवर तो किती भार पेलतो याचे 340, 450, 570 किलो असे आकडे असतात (पौंडांत 750, 1000 आणि 1250). आपल्या इंजिनाच्या दुपटीहून कमी आकड्याचा स्टँड घेऊच नका. त्याहूनही आधी खाली वाकून पाय बघा. तीन चाकांचा, टी आकाराचा स्टँड दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर फार गुणी वाटतो. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर त्याचं पुढचं एकुलतं चाक फटीत अडकतं, मागून ढकलणाऱ्याचा जोर संपलेला नसतो आणि सगळं प्रकरण कुशीवर जातं. चार चाकं, पुढचे पाय रुंद आणि इंजिनाच्या भारमध्याच्या पुढे गेलेले, चाकं लोखंडी आणि मोठी, एवढं बघा. रंग कुठलाही चालेल. फिरत्या प्लेटचा पाइप बाहेरच्या पाइपात खडखडत असेल तर तो नको, कारण तेवढ्या फटीनेच इंजिन नाक खाली घालून बसतं. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेणार असाल तर उभ्या खांबाच्या बुडाशी तिरका आधार मारायला सांगा. तो ‘काही गरज नाही साहेब’ म्हणेल. आपण मारून घ्यायचा.

बोल्ट स्टँडबरोबर येतात, ते दाराला कडी लावायला ठेवून द्या. डोक्यावर 10.9 (हा बोल्टाच्या ताकदीचा आकडा) कोरलेले आणा, निदान 8.8. बिडाच्या ब्लॉकमध्ये बोल्टाच्या जाडीच्या दीडपट आटे आत गेले पाहिजेत, अॅल्युमिनियममध्ये दुप्पट. म्हणजे 10 मिमीच्या बोल्टाला बिडात 15 मिमी. स्टँडच्या हाताची नळी 60 मिमी असेल तर वॉशर धरून 80 मिमीच्या आसपास बोल्ट लागतो. त्याहून लांब घेतला आणि भोक आंधळं, म्हणजे आरपार नसलेलं, निघालं, तर बोल्ट तळाला टेकतो, आपण त्याला ‘अजून थोडा घट्ट’ करत राहतो आणि ब्लॉक टिचतो. 10 मिमीतही 1.25 आणि 1.5 मिमी अंतराचे असे दोन आटे असतात. चुकीचा बोल्ट दोन फेरे छान जातो, मग अडतो. तिथे पाना लांब करू नये. अँबॅसेडरवाल्यांनी मेट्रिकचा नादच सोडावा, तिच्या 1489 सीसीच्या इंजिनाचे आटे इंची आहेत.

आता चढवणं. इंजिन चेन पुलीला टांगलेलं असतानाच क्लच, फ्लायव्हील आणि असली तर मागची पातळ प्लेट काढायची. फ्लायव्हील आणि क्रँकवर आधी खूण करा, नाहीतर बसवताना ते दुसऱ्याच भोकांत सहज बसतं आणि टायमिंगची खूण भलतीकडे जाते. फिरती प्लेट स्टँडमधून उपसून आधी इंजिनाला लावायची, चारही बोल्ट हाताने फिरवून. मग हात प्लेटला घट्ट करायचे, मग बोल्ट, आणि शेवटी प्लेटचा पाइप ग्रीस लावून स्टँडमध्ये सरकवायचा. लोक उलटं करतात. स्टँड ढकलत आणून लटकत्या इंजिनाची भोकं जुळवत बसतात, तेव्हा दोन सज्जन माणसांच्या तोंडून कधी न ऐकलेले शब्द ऐकायला मिळतात.

फिरण्याचा अक्ष क्रँकच्या मध्यरेषेच्या जरा वर ठेवा. हेड लावलेलं इंजिन वरून जड असतं. अक्ष खाली राहिला तर प्लेट अडवून धरणारी पिन उपसताक्षणी ते स्वतःच उलटतं आणि प्लेट फिरवायचा दांडा हनुवटी शोधत येतो. चेन सैल करा पण सोडू नका. पिन काढून दोघांनी धरून थोडं फिरवा. ठेवलं तिथेच राहिलं तर जमलं.

उलटं करण्याआधी ऑइल काढलेलं असतंच. ब्लॉकच्या बाजूचा पाण्याचा प्लग मात्र कुणाला आठवत नाही. पहिल्याच गिरकीला चहाच्या रंगाचं गंजकं पाणी सेक्रेटरींच्या पार्किंगकडे निघतं. मोठी परात खाली ठेवा, घरातल्यांना विचारून. पद्मिनीसारख्या पुशरॉडच्या इंजिनात टॅपेटही (कॅमवर बसून पुशरॉड वर ढकलणारे छोटे दट्टे) आधीच काढून क्रमांकाने डब्यात ठेवा. ते उलटताना गळाले आणि मिसळले तर कोण कुठल्या कॅमवर घासून गुळगुळीत झाला होता हे कुणीच सांगू शकत नाही. मेन बेअरिंगच्या कॅपवर क्रमांक आणि पुढची बाजू, दोन्ही लिहा.

या सगळ्यात येणारे-जाणारे थांबतात. ‘एवढ्यात नवीन गाडी आली असती’ हे एकाचं, ‘विकायचं आहे का?’ हे दुसऱ्याचं. त्यांना कामाला लावा. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळताना स्टँड ओढला जातो, तेव्हा तो धरायला एक जड माणूस लागतोच. काम लांबलं तर ब्लॉकच्या पुढच्या टोकाखाली लाकडी ठोकळा द्या आणि सिलिंडरना ऑइल लावून वर प्लास्टिक टाका.

शेवटी एक कटकट उरते. मागचं ऑइल सील, फ्लायव्हील आणि क्लच स्टँडवर बसवता येत नाहीत, कारण ती जागाच स्टँडने अडवलेली असते. इंजिन परत चेन पुलीला टांगायचं आणि ही कामं लटकत्या धुडाशी झुंजत करायची. क्लच प्लेट मधोमध धरायला जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट भंगारवाल्याकडून आणून ठेवा.

आणि इंजिन गाडीत गेलं की आठवड्याच्या आत कुणीतरी स्टँड उसना मागायला येईल. द्यावा. बोल्ट मोजून द्यावेत.