पानओवा कसा राहिला?

सर्दीसाठी कुंडीत लावायच्या वनस्पतींवरचा एक लेख वाचला. त्यात तुळस, गवती चहा, अडुळसा सगळे आले, पण पानओवा राहून गेला याची चुटपुट लागली. फ्लॅटच्या खिडकीत इतकं बिनतक्रार वाढणारं दुसरं औषधी झाड मला तरी माहीत नाही. मसाल्याचा ओवा वेगळा, हा वेगळा; पण याचं जाड, लवदार पान नुसतं बोटांत चुरडलं तरी घमघमाट ओव्याचाच.

बी शोधत बसू नका. शेजाऱ्यांकडून वीतभर फांदी आणा, खालची पानं काढा आणि वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत खोचा. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको. कुंडीत पाणी साचलं की देठ काळा पडून कुजतो. शेंडे खुडत राहा, झाड डेरेदार होतं.

नाक चोंदलं, घसा खवखवला की आमच्याकडे दोन-तीन पानं तव्यावर मऊ शेकून रस पिळतात आणि चमचाभर मधातून देतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात देऊ नये. याने सर्दी बरी होते असं मी म्हणणार नाही, पण घशाला आराम पडतो. धाप लागत असेल किंवा ताप उतरत नसेल तर सरळ डॉक्टर गाठा. आणि हो, पानं जास्त झाली तर बेसनात बुडवून भजी करा, फार सुरेख लागतात!